निजामाला समुद्र हवा होता

मुरगाव बंदर हैदराबादच्या निजामाने विकत घ्यायचे घाटले होते, ही गोष्ट आपल्या गोव्यात फारशी कुणी सांगत नाही. गोवामुक्तीचा इतिहास आपण १८ जून १९४६ ला मडगावात सुरू करतो आणि १९ डिसेंबर १९६१ ला पणजीत संपवतो. मधल्या काळात आपल्या पाठीमागे, म्हणजे हैदराबाद, लंडन आणि लिस्बन या तीन शहरांत, आपल्या बंदराविषयी बोलणी चालली होती. ती आपल्याला विचारून चाललेली नव्हती, हे सांगायला नकोच.

गोष्ट सांगायची तर आधी सह्याद्री उतरून खूप आत, पूर्वेला जावे लागेल. आपल्याकडची दत्तभक्त मंडळी अक्कलकोट आणि गाणगापूर करतात. ही दोन्ही ठिकाणे जोडणाऱ्या वाटेच्या उत्तरेला आळंद तालुका लागतो. (ज्ञानेश्वरांची आळंदी नव्हे. हे आळंद गुलबर्ग्याचे, आजच्या कलबुर्गी जिल्ह्याचे.) या तालुक्यात महाराष्ट्राच्या सरहद्दीजवळ मादन हिप्परगा हे गाव आहे. स्वामी रामानंद तीर्थांनी जिथे राष्ट्रीय शाळेत काम केले ते हिप्परगा वेगळे, ते धाराशिवकडचे. नावे सारखी असल्यामुळे गोंधळ होतो म्हणून आधीच सांगून ठेवतो. मादन हिप्परग्याच्या परिसरात कानडी आणि मराठी एकाच अंगणात नांदतात, आणि १९४८ पर्यंत या दोन्ही भाषा बोलणाऱ्यांचा राजा उर्दूत कारभार करीत होता. पश्चिमेकडे थोडे चालले की अक्कलकोटच्या भोसल्यांचे संस्थान, त्यापुढे इंग्रजांचा सोलापूर जिल्हा. म्हणजे हे गाव निजामाच्या राज्याच्या अगदी काठावरचे. राज्याला काय हवे आहे आणि ते का मिळत नाही, हे असल्या काठावरच्या गावात उभे राहून जास्त चांगले दिसते.

निजामाचे राज्य केवढे? सुमारे ८२ हजार चौरस मैल, लोकसंख्या १९४१ च्या खानेसुमारीत एक कोटी साठ लाखांच्या वर. स्वतःचे नाणे, स्वतःचे टपाल, १९३० पासून स्वतःच्या ताब्यातली रेल्वे. आणि समुद्र? एक इंचही नाही! उत्तर सरकारचा सगळा किनारा अठराव्या शतकातच इंग्रजांकडे गेला होता. गंमत पाहा, दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या नौदलात ‘निजाम’ नावाची एक विनाशिका होती, आणि जपानने शरणागती पत्करली तेव्हा ती टोकियोच्या उपसागरात हजर होती. निजामाच्या नावाचे जहाज सातासमुद्रापार फिरून आले, पण त्याच्या स्वतःच्या राज्यात होडी लावायला खारे पाणी नव्हते.

आता या घराण्याला एक जुनी सवय लागली होती, ती समजून घेतली पाहिजे. इंग्रजांच्या युद्धात मदत करायची आणि युद्ध संपले की बक्षीस म्हणून जमीन मागायची. ही सवय उगाच लागली नव्हती. १८५३ साली डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दोआब आणि धाराशिव-नळदुर्गचा मुलूख लिहून घेतला. कारण काय, तर निजामाच्या नावाने ठेवलेल्या इंग्रजी फौजेचा, म्हणजे कंटिन्जंटचा, थकलेला खर्च. नळदुर्ग म्हणजे आळंदपासून काही फार लांब नाही. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ लिहिणारा मेडोज टेलर हा त्या नव्या नळदुर्ग जिल्ह्याचा कारभारी होता. मग १८५७ चे बंड झाले. निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. त्याचे फळ १८६० च्या तहात मिळाले. नळदुर्ग आणि रायचूर दोआब परत, वर सुरापूरचे संस्थान बक्षीस, आणि पन्नास लाखांचे कर्ज माफ. वऱ्हाड मात्र इंग्रजांनी ठेवून घेतले. कापसाचा मुलूख तो, कोण सोडतो!

तेव्हापासून वऱ्हाड हे हैदराबादच्या दरबाराचे दुखणे होऊन बसले. सालारजंग १८७६ साली विलायतेला गेला, त्याच्याही मनात वऱ्हाडच होते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन स्वतः हैदराबादेत आला आणि मीर महबूब अली खानाकडून वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने घेऊन गेला, वर्षाला पंचवीस लाख रुपये खंडणीवर. त्याच सुमारास निजामाला ‘जी. सी. बी.’ हा किताब मिळाला. हैदराबादेतल्या चावट लोकांनी त्याचा अर्थ लावला, ‘गेव्ह कर्झन बेरार’, म्हणजे कर्झनला वऱ्हाड देऊन टाकणारा. ‘कायमचा पट्टा’ हे शब्द ज्याने कुणी कागदावर प्रथम लिहिले त्याला, एक कारकून या नात्याने, माझा नमस्कार. मालकी तुझी, जमीन माझी, आणि मुदत कधीच संपायची नाही. यापेक्षा सुबक मसुदा मी तरी आमच्या कुठल्या फायलीत पाहिलेला नाही.

पहिल्या महायुद्धात मीर उस्मान अली खानाने पैसा आणि फौज सढळ हाताने दिली. इंग्रजांच्या विमानदळातल्या एका तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. १९१८ साली ‘एक्झॉल्टेड हायनेस’ हा इतर कुणालाच नसलेला किताब आणि ‘विश्वासू दोस्त’ ही पदवी मिळाली. मग १९२३ साली त्याने वऱ्हाड परत मागितले. या मागणीतला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. वऱ्हाडच्या लोकांना आपण जबाबदार राज्यपद्धती देऊ, असे त्याने लिहून दिले. म्हणजे अमरावती-अकोल्याच्या माणसाला लोकनियुक्त सरकार, आणि औरंगाबाद, बिदर, गुलबर्ग्याच्या माणसाला? त्याला फर्मान! स्वतःच्या रयतेला जे द्यायचे नाही ते दुसऱ्याच्या ताब्यातल्या रयतेला देऊ करायचे, ही मुत्सद्देगिरीतली जुनीच युक्ती आहे. वऱ्हाडी लोकांना ती कळत नव्हती असे नाही. त्यांच्याकडे तोवर निवडणुका आणि कौन्सिले आली होती. लॉर्ड रीडिंगने मार्च १९२६ च्या पत्रात निजामाला साफ सांगितले की ब्रिटिश सार्वभौम सत्तेशी तुम्ही बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही. दहा वर्षांनी, १९३६ मध्ये, समजूत काढायला म्हणून युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी दिली. वऱ्हाडवर निजामाची सार्वभौमता कागदोपत्री मान्य, कारभार नागपूरहून चालू.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा हैदराबादच्या दरबाराला वाटले, आता तिसरी पाळी आपली. या वेळी इंग्रज नुसते जिंकलेच नव्हते, ते जाणारही होते. जाताना त्यांनी सार्वभौमत्व आपल्या हवाली करावे आणि वऱ्हाड परत करावे, हा हिशेब. जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले की आपण भारतात किंवा पाकिस्तानात सामील होणार नाही, स्वतंत्र राहणार. ११ जुलैला छतारीच्या नवाबाच्या नेतृत्वाखाली त्याचे शिष्टमंडळ दिल्लीत माउंटबॅटनना भेटले. मागण्यांत वऱ्हाड होतेच. पण स्वतंत्र राष्ट्र व्हायचे तर बंदर हवे. इथे आपले मुरगाव आले.

मुरगावच का? नकाशा काढून पाहा. निजामाच्या राज्याचा नैर्ऋत्य कोपरा म्हणजे कोप्पळ, सालारजंगांची जहागीर. तिथून मीटरगेज रेल्वे गदग, हुबळी, लोंढा करीत कॅसलरॉकला येते आणि दूधसागर उतरून थेट मुरगावच्या धक्क्यावर. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून निर्माण झालेले हे बंदर आणि ही रेल्वे. मुंबई आणि मद्रास दोन्ही हिंदुस्थानच्या हातात जाणार, मधले एकच चांगले बंदर तिसऱ्या सत्तेच्या हातात. निजामाचा घटनासल्लागार सर वॉल्टर मॉंक्टन हा कसलेला इंग्रज बॅरिस्टर, तोही या कल्पनेला अनुकूल होता. पैशाचा तर प्रश्नच नव्हता, जगातला सगळ्यांत श्रीमंत माणूस म्हणून निजामाची ख्याती होती. बंदर विकत मिळते का, निदान वापरायला मिळते का, याची चाचपणी पोर्तुगालकडे सुरू झाली.

पण कोप्पळ आणि कॅसलरॉक यांच्यामध्ये अख्खा धारवाड जिल्हा पडतो, आणि तो होता मुंबई इलाख्यात. म्हणजे बंदर घेतले तरी माल आणायला वाट हिंदुस्थानातूनच. दिल्लीने फाटक बंद केले की मुरगावचा धक्का निजामाला चंद्राइतकाच दूर. ही अडचण कल्पनेतली नाही. पुढे सालाझारला नेमकी हीच भोगावी लागली. १९५४ मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून गेली तेव्हा दमणहून तिथे फौज न्यायला भारताने वाट दिली नाही. पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा लावला. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालय म्हणाले की खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांना वाटेचा हक्क होता, पण फौज, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. निजामाने मुरगाव घेतले असते तर अशाच कोर्टाची पायरी त्यालाही चढावी लागली असती.

आणि समोरचा विकणारा होता का? लिस्बनमध्ये सालाझार बसला होता. त्याच्या १९३३ च्या घटनेतच लिहिले होते की राष्ट्राच्या भूमीचा कोणताही भाग राज्यसंस्था दुसऱ्याला देणार नाही, आणि त्या भूमीच्या व्याख्येत गोवा होता. महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ होता. (तटस्थ म्हणजे कसा, तर मार्च १९४३ मध्ये इंग्रजांनी मुरगावात घुसून जर्मनांच्या ‘एहरेनफेल्स’ जहाजावर छापा घातला तरी लिस्बनने फार मोठा आवाज केला नाही.) अझोर्स बेटांवर इंग्रजांना तळ देऊन सालाझारने त्याच वर्षी आपल्या वसाहतींविषयी ब्रिटनकडून आश्वासन मिळवले. जपानने व्यापलेले तिमोर १९४५ मध्ये त्याला परत मिळाले. युद्धातून सगळे साम्राज्य जसेच्या तसे घेऊन बाहेर पडलेला हा माणूस. त्याच्या राजवटीचा खांबच तो होता. एक बंदर निजामाला विकले तर गोव्याला किंमत असते असे कबूल केल्यासारखे होईल, आणि मग उद्या नेहरू किंमत विचारतील. झालेही तसेच. २७ फेब्रुवारी १९५० ला भारताने लिस्बनला बोलणी करण्याविषयी लिहिले, पोर्तुगालने चर्चा करायलाच नकार दिला, आणि १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधली आपली वकिलात बंद केली. निजामाचा सौदा मुळात जमण्यासारखाच नव्हता, असे माझे मत आहे. मुरगाव त्याला मिळाले नाही.

या सगळ्यात गोंयकार कुठे होता? १९३० मध्येच लुईस द मिनेझिस ब्रागांझा यांनी वसाहत कायद्याच्या विरोधात गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा हक्क कौन्सिलात मांडला होता. १९४६ च्या आंदोलनानंतर त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना पकडून पोर्तुगालला पाठवले. ज्यांनी आपल्या भूमीविषयी तोंड उघडले ते तुरुंगात, आणि त्याच भूमीविषयी बोलणी करायला निजामाची माणसे मोकळी.

आता निजामाच्या घरातले राजकारण पाहू, कारण खरा घोटाळा तिथे झाला. वऱ्हाड, मुरगाव, स्वातंत्र्य या मागण्या मॉंक्टनसारख्या वकिलाच्या लेखी सौद्याची सामग्री होत्या. दहा मागायचे, चार घ्यायचे. पण हैदराबाद शहरात मजलिसे इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना होती आणि तिचा पुढारी होता कासिम रझवी, लातूरचा वकील. इत्तेहादच्या सभांतून याच मागण्या आता धर्मकर्तव्य झाल्या होत्या. निजामाने सुरुवातीला इत्तेहादला मोकळीक दिली, कारण दिल्लीला सांगता येत होते की माझी प्रजा ऐकत नाही, काय करू! १९४७ च्या ऑक्टोबरात मॉंक्टन आणि छतारी यांनी दिल्लीशी ‘जैसे थे’ कराराचा मसुदा ठरवून आणला. निजामाच्या कौन्सिलाने तो बहुमताने मंजूर केला. सही व्हायची होती. २७ ऑक्टोबरच्या पहाटे शिष्टमंडळ दिल्लीला निघणार, तर रझवीच्या जमावाने मॉंक्टन, छतारी आणि सर सुलतान अहमद यांच्या घरांना वेढा घातला. शिष्टमंडळ निघालेच नाही. मॉंक्टन आणि छतारी बाजूला झाले, नवे शिष्टमंडळ नेमले, नवा दिवाण मीर लायक अली आला. महिन्याभराने २९ नोव्हेंबरला सही झाली ती त्याच कराराला! मधल्या महिन्यात करारातले कलम काही बदलले नाही, पण हैदराबादेत हुकूम कुणाचा चालतो ते सगळ्यांना कळून चुकले.

त्यानंतरचे वर्ष घसरगुंडीचे. हैदराबादने पाकिस्तानला भारत सरकारच्या रोख्यांतून वीस कोटी रुपयांचे कर्ज दिले. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री शस्त्रे घेऊन बिदर आणि वरंगळच्या विमानतळांवर उतरू लागला. समुद्र मिळाला नाही म्हणून आकाशाने सोय केली म्हणायची. १९४८ च्या वसंतात रझवीच्या नावावर एक भाषण वर्तमानपत्रांतून गाजले. बंगालच्या उपसागराच्या लाटा आपल्या सुलतानाचे पाय धुतील, असा त्याचा आशय. नंतर ते भाषण नाकारण्यात आले. पण पाहा, पश्चिम समुद्र मागायला मॉंक्टनसारखा बॅरिस्टर होता, पूर्व समुद्र मागणाऱ्याच्या हाताशी रझाकार होते.

हा सगळा काळ मादन हिप्परगा, आळंद, उमरगा, बिदर या पट्ट्याने कसा काढला? हैदराबादचा दरबार वऱ्हाड आणि मुरगावचे नकाशे पाहत होता, तेव्हा त्याचे स्वतःचे काठावरचे गाव त्याच्या हातातून निसटत होते. दिवसा पोलीस आणि रझाकार, रात्री स्टेट काँग्रेसची माणसे. सरहद्दीपलीकडे सोलापूर जिल्ह्यात सत्याग्रह्यांच्या छावण्या होत्या, आणि अनेक कुटुंबे गुरेढोरे घेऊन पलीकडे गेली. मे १९४८ मध्ये बिदर जिल्ह्यातल्या गोरटा गावी रझाकारांनी कत्तल केली. १३ सप्टेंबरला भारतीय फौज आत आली, सोलापूरहून निघालेली मुख्य तुकडी नळदुर्गवरूनच पुढे गेली, आणि पाच दिवसांत सगळे संपले.

संपले असे आपण म्हणतो. पुढे जे झाले तेही इतिहासच आहे आणि ते गाळता येत नाही. फौजेच्या पाठोपाठ याच गावांतून मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने जपून केलेला अंदाज असा की संस्थानात सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली, आणि सर्वांत वाईट परिस्थिती उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांत होती. हा अहवाल कित्येक दशके दडवून ठेवलेला होता. मेलेल्यांत बहुतेक साधी माणसे. त्यांनी वऱ्हाड मागितले नव्हते, आणि मुरगाव कुठे आहे हेही त्यांना माहीत असण्याचे कारण नव्हते.

हैदराबादची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे १६ सप्टेंबरला पॅरिसात ऐकली गेली तेव्हा लढाई एका दिवसात आटोपायची होती. शिष्टमंडळाचा प्रमुख मोईन नवाझ जंग. त्याने २० सप्टेंबरला हैदराबादचे दहा लाख पौंड लंडनमधल्या पाकिस्तानी उच्चायुक्ताच्या खात्यावर वळवले. त्या पैशाचा निकाल लागायला २०१९ साल उजाडले. तोवर ती रक्कम व्याजासकट साडेतीन कोटी पौंड झाली होती, आणि लंडनच्या न्यायालयाने ती भारत आणि निजामाच्या वारसांना दिली. पैशाचे दावे असे दीर्घायुषी असतात! वऱ्हाडचे मात्र काही झालेच नाही. ते जिथे होते तिथेच राहिले, १९५६ मध्ये मध्य प्रदेशातून द्विभाषिक मुंबई राज्यात आले. युवराजाची पदवी तेवढी मागे राहिली.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचेच तीन तुकडे झाले. मराठवाडा मुंबई राज्यात, तेलंगण आंध्रात, गुलबर्गा आणि रायचूर म्हैसूर राज्यात. बिदर जिल्ह्याचे तर वेगळे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर इकडे, भालकी, औराद, हुमनाबाद तिकडे. अक्कलकोटचे संस्थान आधीच सोलापुरात गेले होते. म्हणजे जी रेषा पूर्वी निजाम आणि इंग्रज यांच्यामध्ये होती ती मादन हिप्परग्याच्या बाजूला जवळपास तशीच राहिली, फक्त तिची नावे बदलली. आता ती महाराष्ट्र आणि कर्नाटक यांची सरहद्द झाली. मग पुन्हा दावे, पुन्हा नकाशे, पुन्हा घरातले राजकारण. १९६६ चा महाजन आयोग महाराष्ट्राच्या आग्रहावरून नेमला गेला आणि १९६७ चा त्याचा अहवाल महाराष्ट्रानेच फेटाळला. त्याच १९६७ च्या १६ जानेवारीला आपण गोंयकार मतदान करून महाराष्ट्रात न जाण्याचे ठरवीत होतो. आपल्याला निदान विचारले तरी गेले. २००४ मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. ८६५ गावांची त्यात मागणी आहे, त्यात बेळगाव, कारवारबरोबर बिदर आणि कलबुर्गीकडचीही गावे आहेत. तो अजून चालू आहे.

त्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या घरची जुनी कागदपत्रे पाहिली तर निजामाच्या काळचा सरकारी कागद उर्दूत, आजचा जमिनीचा उतारा, ज्याला तिकडे पहाणी म्हणतात, तो कानडीत. घरात बोलणे मराठीत. वारसाहक्काची नोंद करायची तर आधी उर्दू वाचणारा म्हातारा शोधावा लागतो. आमच्याकडे जुन्या पोर्तुगीज नोंदी घेऊन येणाऱ्यांना मी रोज पाहतो. त्यांनाही असाच एखादा म्हातारा शोधावा लागतो, आणि तो सापडेपर्यंत फाईल टेबलावर पडून राहते.